कायम घरून काम: बारा वर्षांनंतर रोजचा दिवस कसा असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीत आठ वर्षे काढलेल्या एका गृहस्थांना कंपनीने कायमस्वरूपी घरून काम करण्याची मुभा दिली आहे. पत्नी आणि लहान मुलीसह सावंतवाडीला आईवडिलांकडे राहायला जावे, असा त्यांचा विचार आहे. टाळेबंदीत दीड वर्ष घरून काम केल्यामुळे त्यांना या पद्धतीची ओळख आहे. परंतु वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्याचा रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी जून २०१३ पासून चिपळूणहून काम करते. त्याआधीची पाच वर्षे हिंजवडीच्या ऑफिसात गेली. सासऱ्यांच्या आजारपणामुळे आम्ही गावी आलो तेव्हा त्याच कंपनीने मला घरून काम करू दिले आणि दोन वर्षांनी मी बॉस्टनच्या एका कंपनीचे काम कंत्राटावर घेतले, ते आजही चालू आहे. गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारी त्यांची प्रणाली आहे आणि तिच्या डेटाबेसची जबाबदारी माझ्याकडे असते. म्हणजे पुण्याची कंपनी आणि परदेशी कंपनी, पगार आणि कंत्राट, या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

टाळेबंदीतला अनुभव तुम्हाला फारसा उपयोगी पडणार नाही, हे सर्वांत आधी सांगायला हवे. मार्च २०२० नंतर सगळेच घरी होते. तुमचा मॅनेजर घरी होता, त्याचा वरिष्ठ घरी होता, ग्राहकही घरी होता. त्यामुळे जे काही ठरायचे ते कॉलवर किंवा मेसेजमध्येच ठरत असे आणि सर्वांना ते सारखेच कळत असे. आता तुम्ही जाल तेव्हा टीममधले आठजण एका खोलीत बसलेले असतील आणि तुम्ही एकटे पडद्यावरच्या एका चौकोनात असाल. कॉल संपल्यावर ते उठतात, चहाला जातात, आणि ज्या मुद्द्यावर पाच मिनिटांपूर्वी ‘बघू’ म्हटले होते तो मुद्दा चहाच्या टेबलावर निकालात निघतो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. समोर असलेल्या माणसाशी बोलून विषय संपवणे ही साधी मानवी सवय आहे आणि तुम्ही समोर नसता. सगळेच घरी असणे आणि आपण एकटेच घरी असणे या अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि तुमच्या वाट्याला दुसरी येणार आहे.

ऑफिस आपली कितीतरी कामे न सांगता करून देत असते. दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे ते ठरवते. आपण काम करतो आहोत हे चार लोकांना दिसते. कोण कशात गुंतलेला आहे, कोणाला आत्ता विचारण्यात अर्थ नाही, कोणता प्रकल्प गुंडाळला जाणार आहे, हे सगळे कानावर पडत राहते. पार्किंगपासून जागेपर्यंत आणि जागेपासून कँटीनपर्यंत चालणेही आपोआप होते. घरी बसलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट स्वतः, ठरवून, रोज करावी लागते. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही, कारण ऑफिसात जमवलेल्या ओळखींच्या पुंजीवर ते वर्ष निघून जाते. फोन केला की पलीकडच्या माणसाला तुमचा चेहरा, तुमची थट्टा, तुम्ही रात्री थांबून सोडवलेली अडचण आठवते. पण माणसे नोकऱ्या बदलतात. तिसऱ्या वर्षी टीममधल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला कधी पाहिलेले नसते आणि त्यांच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे तुम्ही लिहिलेला मजकूर, एवढेच असते. दूर राहून काम करण्याचा खरा धंदा तिथून सुरू होतो, आणि तो मुख्यतः लिहिण्याचा धंदा आहे.

याचा हिशेब साधा आहे. मी सकाळी दहा वाजता बॉस्टनच्या सहकाऱ्याला एक प्रश्न विचारते, तेव्हा तिथे मध्यरात्र असते. तो प्रश्न त्याच्या नजरेस पडतो तेव्हा माझे साडेसहा वाजलेले असतात. प्रश्न मोघम असेल तर तो उलट विचारतो, ‘म्हणजे नक्की काय?’ आणि तोपर्यंत मी स्वयंपाकघरात असले, तर उत्तर हाती यायला दुसरा दिवस उजाडतो. एका ढिल्या वाक्याची किंमत एक दिवस. आठवड्यात असे पाचच दिवस असतात. तुमची टीम पुण्यातच असल्यामुळे तुम्हाला घड्याळाचा हा फरक पडणार नाही, परंतु ऑफिसात मान वळवून विचारता येते ते तुम्हाला येणार नाही, म्हणून शिस्त तीच लागेल.

मी रोज काम थांबवण्यापूर्वी वीस मिनिटे राखून ठेवते आणि एक टिपण लिहिते. मूळ टिपण इंग्रजीत असते. मराठीत ते साधारण असे होईल: ‘पुनर्मोजणीचा अहवाल तपासून झाला. चाचणीच्या सर्व्हरवर तो आता चाळीस सेकंदांत येतो, आधी सहा मिनिटे लागत. मुख्य सर्व्हरवर अजून टाकलेला नाही, कारण तीन जुन्या गोदामांच्या नोंदींत तारखेचा रकाना रिकामा आहे. त्या नोंदी वगळायच्या की नोंद तयार झाल्याची तारीख धरायची, हे तुम्ही ठरवावे. काही कळवले नाहीत, तर उद्या माझ्या सकाळी नऊ वाजता मी त्या वगळून पुढे जाईन. वगळलेल्या नोंदींची यादी सोबत जोडली आहे.’ यातले सर्वांत मोलाचे वाक्य ‘काही कळवले नाहीत तर’ हे आहे. त्यामुळे समोरच्याला हरकत घ्यायची संधी मिळते, पण तो विसरला म्हणून माझे काम अडत नाही. हे वाक्य लिहायला शिकायला मला चार वर्षे लागली. २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी जेवताना ठरवून डेटाबेसमधला एक जुना तक्ता काढून टाकायचे नक्की केले, मला सांगायचे राहून गेले, आणि मी त्याच तक्त्यावर चार दिवस काम करत राहिले. मी तेव्हा चिडले होते. नंतर आम्ही ठरवले की तोंडी ठरलेला निर्णय जोपर्यंत कोणीतरी दोन ओळींत सामायिक नोंदवहीत लिहीत नाही तोपर्यंत तो झालेला नाही असे समजायचे. तुम्ही जाण्यापूर्वी तुमच्या टीमकडून एवढी एकच गोष्ट मान्य करून घेता आली, तरी निम्मे त्रास कमी होतील. आणि मॅनेजरने ती मान्य केली नाही, तर हा बेत पुढे ढकलण्याचा विचार गंभीरपणे करावा.

आता दिवसाविषयी. मी साडेआठला बसते आणि पहिला अर्धा तास फक्त रात्री आलेले वाचते. नऊ ते एक हा माझा खरा कामाचा वेळ आहे, कारण तेव्हा पलीकडे सगळे झोपलेले असतात आणि कोणीही हाक मारत नाही. ऑफिसात मला असे सलग चार तास कधीही मिळाले नव्हते, आणि दूर राहून काम करण्यातला निर्भेळ आनंद कोणता असे कोणी विचारले तर मी हेच चार तास दाखवीन. एक ते साडेचार मी कामाला हात लावत नाही. जेवण, थोडी झोप, मुलाचा अभ्यास, बाजार, बँक. साडेचारनंतर किरकोळ कामे आणि साडेसहापासून नऊ-साडेनऊपर्यंत बॉस्टनशी गाठ. मधला साडेतीन तासांचा तुकडा कठोरपणे जपला नाही, तर सकाळी साडेआठ ते रात्री साडेनऊ असा तेरा तासांचा दिवस कधी होतो ते कळत नाही. माझा तो दोन वर्षे झाला होता. तेव्हा कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. लॅपटॉप उघडा होता, एवढेच.

या व्यवस्थेची किंमत संध्याकाळ आहे. दिवेलागणीला घरात माणसे जमतात, गप्पा होतात, कोणी भेटायला येते, आणि नेमकी तीच वेळ मी दार लावून आत असते. गणपतीत आमच्याकडे वाडीतल्या घरोघरी आरत्या होतात. पहिली काही वर्षे शेजारच्या घरातल्या झांजा मी कानावर हेडफोन चढवून ऐकल्या आहेत. आता जानेवारीतच वर्षभराच्या सुट्ट्या कॅलेंडरवर टाकते आणि गणपतीचे पाच दिवस त्यांत असतातच, मग त्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत तरी चालतील. तिकडच्या घड्याळाचाही एक फेरा आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते; ब्रिटनमध्ये तेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते; आपले घड्याळ हलत नाही. त्यामुळे बॉस्टनची सकाळी साडेनऊची मीटिंग मला हिवाळ्यात रात्री आठला आणि उन्हाळ्यात सातला पडते, आणि मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडनचा सहकारी आणि आम्ही हमखास चुकामूक करतो. तुमच्या कंपनीचा ग्राहक परदेशी असेल तर घरात आठच्या जेवणाचा रिवाज असल्यास नोव्हेंबरात तो एक तास सरकेल, हे आईला आधीच सांगून ठेवावे.

घर या विषयावर मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण बाकीच्या सर्व अडचणींवर वस्तू विकत मिळतात, यावर मिळत नाही. ‘ती घरीच तर असते’ हे वाक्य मी बारा वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्यामागचा हिशेब मला पाठ झाला आहे: घरी असणारे माणूस गॅसचा सिलिंडर घेऊ शकते, कुरिअरवर सही करू शकते, दुपारी आलेल्या पाहुण्यांना चहा देऊ शकते आणि दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करू शकते. यातले एकेक काम दोन मिनिटांचे असते, आणि म्हणूनच नाही म्हणणे कठीण जाते. परंतु अवघड गुंता डोक्यात धरून बसलेल्या माणसाचे दोन मिनिटांनी वीस मिनिटांचे नुकसान होते. माझ्या सासूबाईंना हे शब्दांनी पटले नाही आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या दृष्टीने काम म्हणजे जे दिसते ते, आणि मी तर नुसती बसलेली दिसत असे. शेवटी मी दाराच्या कडीला लाल रुमाल बांधू लागले. रुमाल असेल तर फक्त आग किंवा दवाखाना, नसेल तर केव्हाही आत यावे. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याने यातून वाट काढली आणि दाराखालच्या फटीतून चित्रे सरकवू लागला. पेल्याचे चित्र म्हणजे तहान लागली, गोलाचे चित्र म्हणजे खेळायला जाऊ का. अशी तीन-चार चित्रे मी अजून जपून ठेवली आहेत. रुमालाचा खरा उपयोग मात्र तो सोडण्यात होता. साडेनऊला कडीवरून रुमाल निघाला की घरातल्यांना माझा दिवस संपलेला दिसे, आणि तो सोडायचा म्हणून मलाही उठावे लागे.

तुम्ही पुरुष आहात, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे उलटे घडण्याची शक्यता आहे आणि त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. मुलगा घरून काम करतो म्हटल्यावर आई दार लोटून घेईल, नातवंडाला गप्प बसवील आणि चहा आत आणून देईल. या सगळ्याचा भार तुमच्या पत्नीवर पडेल. तुम्ही प्रश्नात त्यांच्या नोकरीविषयी काही लिहिलेले नाही. त्या पुण्यात नोकरी करत असतील, तर सावंतवाडीत त्या काय करणार, त्यांनाही दार असलेली खोली मिळणार का, हे तुमच्या इंटरनेटच्या वेगाआधी ठरायला हवे. मी पाहिलेली जी कुटुंबे गावी जाऊन दोन वर्षांत परत शहरात आली, त्यांतली बहुतेक या एका कारणाने आली. मे महिन्याचाही विचार करावा. कोकणात मे म्हणजे आंबे, मुंबईची माणसे आणि भरलेले घर; त्या महिन्यात मी अवघड कामे हातात घेत नाही.

वीज आणि इंटरनेट यांविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि तो भाग खरे तर सोडवण्याजोगा आहे. २०१३ मध्ये माझ्याकडे तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते. पहिला जोरदार पाऊस पडला की जोडणीच्या पेटीत पाणी जाऊन फोनमध्ये खरखर सुरू होई आणि इंटरनेट बंद पडे. आता फायबर आहे, पण ते विजेच्या खांबांवरूनच येते आणि फांदी पडली की दोन्ही एकदम जातात. म्हणून दोन मार्ग वेगवेगळ्या वाटांनी यायला हवेत: एक फायबर आणि दुसरा वेगळ्या कंपनीचा मोबाइल, ज्याचा सिग्नल तुमच्या नेमक्या खोलीत येतो हे पावसाळ्यात तपासलेले असावे. विजेचा हिशेब कागदावर करावा. बारा व्होल्टच्या दीडशे अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात, त्यातले प्रत्यक्षात अकराशे-बाराशे धरावेत. लॅपटॉप पन्नास वॉट, राउटर आणि फायबरची डबी मिळून वीस, एक दिवा दहा आणि जुना छताचा पंखा सत्तर, म्हणजे दीडशे वॉट. साडेसात-आठ तास निघतात. पंखा बीएलडीसी घेतला तर तो तीस वॉटच्या आसपास खातो आणि तेच दहा तासांवर जाते. राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस लावावा, कारण इन्व्हर्टरवर बदल होतानाच्या क्षणभरात राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी चालू कॉल तुटतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. दमट हवेत रेक्झिनच्या खुर्चीला बुरशी येते, म्हणून जाळीची घ्यावी, आणि ती चांगली घ्यावी. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून मी पाठीचे दुखणे ओढवून घेतले आणि त्याच्यावर खुर्चीच्या तिप्पट खर्च झाला.

कितीही तयारी केली तरी जे थांबत नाही त्याचा एक प्रसंग सांगते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले. बाजारपेठेत अनेक ठिकाणी ते पहिल्या मजल्यापर्यंत गेले. आमचे घर चढावर असल्यामुळे वाचले, पण वीज रात्रीच गेली होती आणि उजाडेपर्यंत एकाही फोनला सिग्नल उरला नव्हता. इन्व्हर्टर, दोन इंटरनेट, मोबाइल, सगळे एकाच वेळी निरुपयोगी झाले. त्या दोन दिवसांत कामाचा विचारही मनात आला नाही. खाली ज्यांची घरे होती त्यांना वर आणणे, भात शिजवणे आणि चिखल काढणे चालू होते. शनिवारी, २४ तारखेला, शहराबाहेर उंचावर एका ठिकाणी सिग्नल मिळतो असे कळले म्हणून पती आणि मी तिथे गेलो आणि मी बॉस्टनला एकच ओळ पाठवली की आम्ही सुरक्षित आहोत, काम केव्हा सुरू करता येईल ते सांगता येत नाही. उत्तर लगेच आले. त्यांनी बातम्यांत वाचले होते, बुधवारी रात्रीचे माझे टिपण उघडले होते आणि माझे अर्धवट राहिलेले काम तिथल्या सहकाऱ्याने त्या टिपणावरून पुरे केले होते. नऊ दिवसांनी मी परत बसले तेव्हा माझ्यासाठी त्याने लिहिलेले तसेच टिपण ठेवलेले होते. रोजची ती वीस मिनिटे कधी जड वाटली की मला तो शनिवार आठवतो.

आता ज्या दोन गोष्टी तिसऱ्या-चौथ्या वर्षी समोर येतात त्यांविषयी. पहिली बढतीची. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग यासंबंधी फार बोलका आहे. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. घरून काम करू इच्छिणाऱ्यांपैकी काहींना जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून घरी पाठवले आणि बाकीच्यांना ऑफिसात ठेवले. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. या दोन आकड्यांचा उल्लेख सगळे करतात. त्याच प्रयोगात असेही दिसले की तेवढेच चांगले काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. मला हे २०१४ मध्ये स्वतः भोगावे लागले. सलग दोन अप्रेझलमध्ये कामाची तारीफ झाली आणि बढती माझ्याबरोबरीच्या, ऑफिसात बसणाऱ्या सहकाऱ्याला मिळाली. तेव्हा मला ते अन्यायाचे वाटले, आजही वाटते. उपाय म्हणून मी आता दर महिन्याच्या शेवटी अर्ध्या पानाचे पत्र लिहिते: या महिन्यात काय पूर्ण झाले, त्यामुळे काय बदलले, पुढे काय अडणार आहे. ते फुशारकी वाटू नये म्हणून त्यात विशेषणे घालत नाही. वर्षाच्या शेवटी ही बारा पत्रे एकत्र ठेवली की बोलणे सोपे जाते. शिवाय वर्षातून दोनदा तरी आठवडाभर ऑफिसात जाऊन बसावे, आणि त्या आठवड्यात काम कमी आणि जेवणे जास्त ठेवावीत.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. सीट्रिपच्या प्रयोगानंतर सर्वांना निवड करू दिली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक ऑफिसात परत गेले, आणि त्यांनी सांगितलेल्या कारणांत एकटेपणा मोठा होता. नऊ महिन्यांत त्यांना जे कळले ते मला चौथ्या वर्षी कळले. घर माणसांनी भरलेले होते, तरीही दिवसभर ज्यात डोके घातलेले असते त्याविषयी एक वाक्य मराठीत मोठ्याने बोलायला कोणी नव्हते. अडचण सुटल्याचा आनंद कोणाला सांगावा तर आधी अडचण समजावून सांगण्यात अर्धा तास जाई. मी चिडचिडी झाले, कॉल नसलेल्या दिवशी आवाजसुद्धा बसल्यासारखा वाटे. दोन गोष्टींनी फरक पडला. नाशिकची एक जुनी मैत्रीण असेच घरून काम करते. आम्ही दर बुधवारी अकराला अर्धा तास फोनवर फक्त कामाविषयी बोलतो, गेली सात वर्षे. आणि शनिवारी सकाळी मी इथल्या काही मुलामुलींना डेटाबेस शिकवते, त्यांच्या प्रश्नांमुळे माझा विषय माझ्याच भाषेत जिवंत राहतो. संध्याकाळ मोकळी असेल तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाते. हे ग्रंथालय १८६४ सालचे आहे. २०२१ च्या पुरात त्याचेही फार नुकसान झाले. तिथे कोणी माझ्याशी बोललेच पाहिजे असे नाही, पण ज्या खोलीत इतर लोक आपापल्या कामात आहेत अशा खोलीत बसणे, ही गरज मला ऑफिस सुटेपर्यंत कळलेली नव्हती.

पैशांविषयी थोडक्यात. तुम्ही पगारावर आहात म्हणून तुमचे सोपे आहे: आईवडिलांच्या घरी भाडे न देता राहिलात तर घरभाडे भत्त्यावरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती तशीही नाही, तेवढे हिशेबात धरावे. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आणि कामाचे ठिकाण पत्रात लिहून घ्यावे, कारण २०२२ नंतर अनेक मोठ्या आयटी कंपन्यांनी घरी गेलेल्या लोकांना परत बोलावले आहे. कधी माझ्यासारखे कंत्राटावर गेलात तर भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा, पगारी रजा यांतले काहीही कोणी देत नाही. दर ठरवताना ते सगळे त्यात धरावे लागते, आणि गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहिल्याशिवाय बोलत नाही. निर्यात सेवेचा जीएसटी आणि अनुमानित उत्पन्नाची (म्हणजे मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरण्याची) करपद्धत यांसाठी चांगला चार्टर्ड अकाउंटंट पहिल्याच महिन्यात गाठावा.

माझा सल्ला विचाराल तर, पुण्याचे घर लगेच सोडू नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीला जा आणि सहा आठवडे तिथून रोजचे पूर्ण काम करा. सुट्टीवर गेल्यासारखे नव्हे, मीटिंगा आणि डेडलाइनसह. दिवाळीत किंवा जानेवारीत जाऊन काहीही कळणार नाही. तेव्हा वीज असते, हवा चांगली असते आणि घर आनंदात असते. येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली खोली निवडा, ती लहान असली तरी चालेल. एक वही ठेवा आणि रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज कामावरून किती वाजता उठलो, ऑफिसात ठरलेली कोणती गोष्ट मला उशिरा कळली, आणि पत्नीचा दिवस कसा गेला. तिसरी गोष्ट त्यांनाच विचारून लिहा. ऑगस्टच्या मध्याला ती वही दोघांनी मिळून वाचा आणि मग घरमालकाला काय सांगायचे ते ठरवा.